हाताखाली कोणी नाही, तरी मॅनेजर?

पुण्याहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलून सारांश देते.

त्या ३४ वर्षांच्या, एम.कॉम. झालेल्या. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत अकाउंट्स खात्यात आहेत. कारखाना चाकणला, पण यांचं हेड ऑफिस बाणेरला. तिथे सत्तरेक माणसं. तीन वर्षांपूर्वी त्यांना ‘असिस्टंट मॅनेजर’ केलं. पगार ग्रॉस ६२,४००. सोमवार ते शनिवार साडेनऊ ते सात हे नेहमीचं. क्लोजिंगच्या आणि रिटर्न भरायच्या आठवड्यात निघायला नऊ वाजतात, एखाद्या दिवशी अकरा. दिवाळीनंतर एक सहकारी सोडून गेला, त्याच्याकडची व्हेंडरची लेजर्सही यांच्याकडे आली. ती जागा अजून रिकामी आहे. सात वाजता खाली जाऊन बायोमेट्रिकवर पंच करायचा आणि पुन्हा जागेवर येऊन बसायचं, अशी खात्यात रीत पडली आहे. मागच्या महिन्यात त्यांनी धीर करून ओव्हरटाइम किंवा निदान कॉम्प-ऑफबद्दल, म्हणजे जादा कामाच्या बदली सुट्टीबद्दल, विचारलं. एचआरने सांगितलं, ‘मॅनेजर कॅडरला ओव्हरटाइम नसतो, सीटीसीत सगळं धरलेलं आहे.’ (सीटीसी म्हणजे कंपनी एका माणसावर करते तो एकूण पगारखर्च.) फायनान्सचे सर म्हणाले, ‘तू घरातलीच आहेस, तू काय हिशेब मांडतेस?’ घरी सहा वर्षांची मुलगी आणि तिला सांभाळणाऱ्या सासूबाई. नवरा म्हणतो, सोडून दे. बाईंचे प्रश्न तीन: ‘हे मागायचा मला हक्क आहे का? की माझाच कामाचा वेग कमी आहे? आणि एप्रिलच्या अप्रेझलच्या तोंडावर हा विषय काढावा की गप नोकरी बदलावी?’

ताई, मधला प्रश्न आधी घेते, कारण तो मनातून निघाल्याशिवाय उरलेल्या दोन्हींची उत्तरं तुमच्या कामाची नाहीत.

वेगाबद्दल तुम्हाला कोणी बोललेलं नाही. सरांनी नाही, एचआरनेही नाही. सहकारी गेला, त्याची लेजर्स आली, माणूस आला नाही, हे सगळं तुम्हीच लिहिलंय, आणि चार ओळींनंतर तुम्हीच विचारताय की मी हळू आहे का. दीड माणसाचं काम एका माणसावर आलं की रात्र होणारच. तुम्ही वेग वाढवलात तर काय होईल, तेही सांगते: ती रिकामी जागा कायमची रद्द होईल. ‘अहो, तिच्याच्याने होतंय की सगळं!’

दुसरी एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे, ‘अकाउंट्समध्ये हे चालायचंच.’ मार्चअखेर, ऑडिटचे दिवस, नवीन सॉफ्टवेअर आलं तो महिना, इथे ते खरं आहे. तेव्हा कोणीच घड्याळ बघत नाही आणि बघूही नये. पण तुमच्या पत्रातल्या तारखा बघा. सात तारखेला टीडीएस भरायचा, ११ला जीएसटीचं जीएसटीआर-१ हे रिटर्न, २०ला ३बी हे दुसरं. जीएसटी १ जुलै २०१७ला आला. तेव्हापासून दर महिन्याला २० तारीख येते आणि दर महिन्याला तुमच्या ऑफिसात ती अचानक आल्यासारखी धावपळ होते. जे काम वर्षभर आधी कॅलेंडरवर लिहून ठेवता येतं ते ‘अर्जंट’ नसतं. ते कमी माणसांत उरकायचं ठरलेलं असतं, आणि ठरवणारे तुम्ही नाही.

आता हक्क. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण हाच प्रश्न वेगवेगळ्या हुद्द्यांनी दर महिन्याला येतो.

तुमचं ऑफिस कारखान्याच्या आवारात नाही, म्हणून त्याला महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ लागू होतो. बाजारात ज्याला अजून ‘गुमास्ता’ म्हणतात तोच. (कारखान्याच्या आवारातच बसणाऱ्या क्लार्क-अकाउंटंट मंडळींनी मात्र आधी कारखान्यांचा कायदा, म्हणजे २१ नोव्हेंबर २०२५पासून जुन्या कारखाना कायद्याच्या जागी आलेली व्यावसायिक सुरक्षा संहिता, बघावा; तिथले आकडे वेगळे आहेत.) या कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. ठरलेल्या तासांपलीकडे काम करून घेतलं तर नेहमीच्या दराच्या दुप्पट पैसे द्यायचे. दिवसाची मर्यादा नऊ तास होती आणि तीन महिन्यांत जास्तीत जास्त १२५ तास ओव्हरटाइम. २०२५मध्ये राज्य सरकारने, वीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी, दिवसाची मर्यादा दहावर आणि तिमाहीची १४४वर नेली. आठवड्याचे ४८ तसेच राहिले. दहा तासांची बातमी वाचून ‘आता दहा तास फुकट’ असं समजणारे मालकही आहेत आणि नोकरही. तसं नाही. सहा दिवस रोज दहा तास भरले तर साठ होतात, आणि त्यातले बारा दुप्पट दराचे.

प्रश्न असा की हे सगळं ‘कामगारा’साठी आहे. तुम्ही कामगार आहात का?

एचआरचं उत्तर इथेच अर्धं खरं आणि अर्धं सोयीचं आहे. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षी किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदावरच्या माणसाला हा कायदा वगळतो, हे खरं. पण तो पद बघतो म्हणजे व्हिजिटिंग कार्ड बघत नाही. कायद्याच्या लेखी कामगार कोण? अंगमेहनतीचं, कुशल-अकुशल, तांत्रिक, कारकुनी काम पगारावर करणारा. मग तुमचा दिवस कसा जातो ते सांगा. तुम्ही लिहिलंय: व्हेंडरची बिलं पोस्ट करणं, बँक रेको (बँकेच्या नोंदींशी ताळमेळ), इनपुट क्रेडिट जुळवणं, टीडीएसचं वर्किंग, सरांसाठी एमआयएसच्या (व्यवस्थापनाला द्यायच्या अहवालांच्या) शीट भरणं. तुमच्या हाताखाली कोण आहे? ‘एक ट्रेनी होता, तोही गेला.’ पेमेंटला मंजुरी कोण देतं? सर. कोणाची रजा मंजूर करता? कोणाचीच नाही. माणूस घ्यायचा-काढायचा निर्णय? छे.

असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पूर्वीच गेलेला आहे. मुंबईच्या सीबा गायगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये अर्कल गोविंदराज राव स्टेनो-कम-अकाउंटंट म्हणून लागले आणि पुढे बढती मिळून अधिकाऱ्यांच्या श्रेणीत गेले. कंपनी म्हणाली, हे कामगार नव्हेत. १९८५मध्ये न्यायालयाने सांगितलं की माणसाचं मुख्य, प्रधान काम काय आहे ते बघा. त्याच्या जोडीला थोडीफार देखरेख करावी लागली म्हणून तो पर्यवेक्षक होत नाही. उलट बाजूही सांगते, नाहीतर माझं उत्तर वकिली होईल. १९९४मध्ये करोना साहू या चपला-बुटांच्या कंपनीचे एक दुकान-मॅनेजर याच न्यायालयात हरले. हुद्द्याला महत्त्व नाही, हे तत्त्व तिथेही तेच होतं. पण त्यांच्याकडे खरोखरच दुकानाचा कारभार होता. दोन्ही खटले तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखालचे, ओव्हरटाइमचे नव्हेत; तरी ‘कामगार’ कोणाला म्हणायचं ही फूटपट्टी बरीचशी तीच. मुख्य काम सहीचं की पोस्टिंगचं, एवढ्यावर तुमचा प्रश्न येऊन थांबतो. तुमचं पत्र वाचून माझं मत पोस्टिंगच्या बाजूने आहे. शेवटचा शब्द अर्थात तुमची खरी कामं कागदावर बघणाऱ्या वकिलाचा.

एचआरला विचारण्यासारखी एक गोष्ट याच कायद्यात दडलेली आहे, आणि ती फारशी कोणाला माहीत नसते. ज्या व्यवस्थापकीय-पर्यवेक्षी पदांना कायद्यातून वगळायचं, त्यांची यादी कंपनीने आपल्या संकेतस्थळावर लावायची असते. संकेतस्थळ नसेल तर ऑफिसात ठळक जागी, आणि तिची प्रत सुविधाकाराकडे, म्हणजे पूर्वीच्या दुकाने निरीक्षकाकडे, पाठवायची. ‘आमच्याकडे मॅनेजर कॅडरला नसतो’ हे तोंडी वाक्य म्हणजे ती यादी नव्हे. यादी आहे का, त्यात तुमचं पद आहे का, एवढं साळसूदपणे विचारून बघा.

‘सीटीसीत सगळं धरलेलं आहे’ याला फार वेळ देत नाही. कायदा तुम्हाला लागू असेल तर कायद्याने दिलेला दर करारात ‘धरून’ बुडवता येत नाही. लागू नसेल, तर तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये काय आहे तेवढंच उरतं. ते पत्र शोधून पुन्हा वाचा. तीन वर्षांपूर्वी बढतीचं जे पत्र आलं त्यात कामाचं वर्णन बदललं होतं का, की फक्त हुद्दा आणि दोन-तीन हजार रुपये?

अकाउंट्सच्या बाईला हिशेब मांडायला मीच सांगावं, हे थोडं हास्यास्पद आहे, पण मांडा. २६ दिवस, आठ तास, म्हणजे २०८ तास. ६२,४०० भागिले २०८, तासाला ३०० रुपये. तुमच्याच पत्रातल्या वेळांवरून, रोज जेवणाचा अर्धा तास वजा करून, साध्या आठवड्यात ५४ तास भरतात आणि क्लोजिंगच्या आठवड्यात सरासरी ६६. महिन्यात दोन्ही प्रकारचे दोन-दोन आठवडे धरले तर ४८ तास जादा. दुप्पट दराने, ६०० रुपयांप्रमाणे, महिन्याला २८,८००. हे न मिळता तोच पगार २५६ तासांवर पसरला की तासाचे ३०० रुपये २४४ होतात. बढतीत किती वाढले होते? तीन महिन्यांत आठवडे बारा नव्हे, तेरा येतात, म्हणून जादा तास दीडशेच्या घरात जातात, म्हणजे वाढवलेली १४४ची मर्यादाही ओलांडली जाते. तीसुद्धा ऐच्छिक नाही, कमाल आहे. हिशेब ढोबळ आहे; भत्त्यांतलं काय धरायचं यावर तो थोडा इकडे-तिकडे होईल. पण सर म्हणतात ‘तू काय हिशेब मांडतेस’, तो हा.

तरीसुद्धा हे २८,८०० घेऊन उद्या एचआरच्या केबिनमध्ये जा असं मी सांगणार नाही.

कारण पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की पैशांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, आणि मुलीच्या झोपेबद्दल सहा. ती साडेआठला झोपते. क्लोजिंगच्या आठवड्यात तुम्ही तिला फक्त सकाळी, तेही बूट-डबा-व्हॅनच्या गडबडीत बघता. उद्या कंपनीने दुप्पट दर सुरू केला आणि तुम्हाला अकरापर्यंत बसवलं, तर तुमचा प्रश्न सुटला का? काही वाचकांचा सुटेल. घराचा हप्ता डोक्यावर असतो, त्यांना तास चालतात, फुकट चालत नाहीत. तुमचा सुटणार नाही असं मला वाटतं. म्हणून पैशाचा हक्क हातात धरा, पण मागा माणूस आणि वेळ.

त्याआधी नोंद लागते. चार आठवडे एका साध्या वहीत, घरी, रोज रात्री लिहा: आत किती वाजता, जेवायला किती वेळ, खरी बाहेर पडायची वेळ, आणि त्या दिवशी उशिरापर्यंत थांबून केलेलं काम एका ओळीत. पेन बदलून एकदम महिनाभराचं लिहू नका, रोजचं रोज. सातचा खोटा पंच उद्यापासून बंद. भांडण न करता, ‘विसरले’ न म्हणता, निघताना पंच करायचा एवढंच. कोणी विचारलं तर ‘निघाले तेव्हा केला’. खोटा पंच हा तुमच्याच विरुद्ध तुम्ही दर महिन्याला सही करून दिलेला कागद आहे.

आणि गंमत अशी की तुमची खरी वेळ कंपनीकडे आधीपासून लिहिलेली आहे. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीची झाली. कुठली एंट्री कधी केली, कधी बदलली, हे त्यात राहतं आणि पुसता येत नाही. रात्री दहा चाळीसला टाकलेलं जर्नल व्हाउचर दहा चाळीसचंच दिसणार, पंच सातचा असो वा नसो. पुढेमागे वाद झालाच तर ते मागवता येईल. पण आज त्यातलं काहीही स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, पेनड्राइव्हवर घेऊ नका, स्क्रीनचे फोटो काढू नका. ओव्हरटाइमचा प्रश्न बाजूला राहील आणि ‘डेटा बाहेर नेला’ म्हणून तुमचीच चौकशी लागेल. वही पुरेशी आहे.

मग मेल. सरांना, एचआरला प्रतीत ठेवून. तुमच्याकडे इंग्रजीत लिहितात हे उघड आहे. आशय असा ठेवा: ‘नोव्हेंबरपासून मी माझ्या कामाबरोबर रिकाम्या जागेचंही काम बघते आहे. गेल्या चार आठवड्यांत माझे एवढे-एवढे तास झाले. हे असं चालू ठेवणं मला शक्य नाही. जागा कधी भरणार ते कळावं. तोपर्यंत कुठली कामं पुढे ढकलायची ते आपण ठरवून द्यावं, आणि झालेल्या जादा तासांबद्दल ओव्हरटाइम की कॉम्प-ऑफ, याचंही लेखी उत्तर मिळावं. माझं पद दुकाने अधिनियमातून वगळलेल्या पदांच्या यादीत आहे का, तेही कळवावं.’ बस. सासूबाई नको, मुलगी नको, तब्येत नको. या मंडळींसमोर घरच्या अडचणी मांडल्या की मागणीची सवलत होते, आणि सवलत अप्रेझलमध्ये तुमच्या खात्यावर नावे पडते.

वेळेबद्दल तुम्ही घाबरला आहात. मला वाटतं अप्रेझलआधीच पाठवावा. मार्चचं क्लोजिंग डोक्यावर असताना तुम्ही नसाल तर काय होईल याचा विचार सर जेवढा करतील तेवढा मे महिन्यात करणार नाहीत. तसंच आधी लेखी विषय काढलेला असला, आणि मग रेटिंग घसरलं, तर त्या दोन तारखा एकमेकींशेजारी दिसतात.

रात्रीच्या दिवसांबद्दल एक वेगळी गोष्ट. पत्रात अकरा वाजता एकटीने रिक्षा शोधल्याचं येतं आणि तुम्ही ते सहज लिहून पुढे गेला आहात. २०१७च्या याच कायद्यात स्त्री कामगाराकडून रात्री साडेनऊनंतर काम करून घ्यायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षितता व घरापर्यंतच्या वाहनाची जबाबदारी मालकाची असते. मेलमध्ये याची एक ओळ टाकायला हरकत नाही. अनुभव असा की गाडीचा खर्च दिसायला लागला की बरीच ‘आजच व्हायला हवी’ अशी कामं सकाळी होऊ शकतात.

तक्रारीचा रस्ता आहे. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी तक्रार करता येते. एकटीने करण्यापेक्षा तिघा-चौघांनी मिळून केलेली बरी. पण सरकार आपणहून येईल या भरवशावर राहू नका. २०२४च्या जुलैमध्ये पुण्यातल्या एका बड्या लेखा संस्थेत नुकतीच लागलेली २६ वर्षांची सीए गेली. तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरात देशभर वाचलं गेलं. कामाच्या ताणाचा आरोप संस्थेने नाकारला; पण कामगार खात्याचे अधिकारी तिथे पोचले तेव्हा आढळलं की त्या ऑफिसची दुकाने कायद्याखाली नोंदणीच नव्हती. ऑफिस वर्षानुवर्षं चालू होतं. कामाच्या वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क देणारं विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८मध्ये आणि पुन्हा २०२५मध्ये लोकसभेत मांडलं, पण ते खासगी विधेयक आहे, कायदा नाही. त्यामुळे रात्री फोन बंद ठेवायचा तर तो आज आपल्या जबाबदारीवर.

तब्येतीवर भाषण देत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१मध्ये मांडलेला आकडा तेवढा सांगते: आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त. तुमचे साधे आठवडे ५४चे आहेत.

याच प्रश्नाने चाचपडणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात. आयटीत ‘सीनिअर’, ‘लीड’ अशी विशेषणं लागलेल्यांनी तीच कसोटी लावावी: दिवसभर कोड लिहिता की माणसं हाकता? तांत्रिक काम कामगाराच्या व्याख्येत आहे. शिक्षकांची गोष्ट वेगळी. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हे औद्योगिक विवाद कायद्याखाली ‘कामगार’ नाहीत असं सांगितलं, त्यांना आपल्या सेवाशर्तींकडे बघावं लागतं. आणि ज्यांच्याकडे खरंच टीम आहे, सह्या आहेत, रजा मंजूर करायचा अधिकार आहे, त्यांच्या हातात ओव्हरटाइमचा कायदा नाही; त्यांनी तो वेळ पगाराच्या वाटाघाटीत, नोकरी घेतानाच, मागून घ्यायचा असतो. शिवाय आपल्या टीममधली कोण सात वाजता खाली पंच करून पुन्हा वर येते, तेही बघायचं असतं.

राहिला नवऱ्याचा सल्ला. तो चुकीचा नाही, पण आधी चार आठवडे वही आणि मग मेल, एवढं होऊ द्या. उत्तर सरळ आलं तर बघता येईल. ‘तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती’ छापाचं आलं, किंवा आलंच नाही, तर ते उत्तर समजा आणि शोध सुरू करा. नोटीस पिरियड किती आहे ते बघून घ्या, राजीनामा मेलवर द्या, रिलिव्हिंग लेटर आणि फुल-अँड-फायनलबद्दल तोंडी आश्वासन घेऊ नका. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतरचं वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यायची तरतूद आहे, आणि ती ‘मॅनेजर’ला लागू नाही असं एचआरला इथे म्हणता येणार नाही.

नव्या ठिकाणी मुलाखतीत ‘वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे’ असं विचारू नका, त्याचं उत्तर सगळ्यांचं पाठ असतं. क्लोजिंगला किती माणसं असतात, आणि आधीची व्यक्ती का गेली, एवढं विचारा. जमलं तर मुलाखतीची वेळच संध्याकाळी साडेसहाची, महिन्याच्या १८-१९ तारखेची मागून घ्या. मग रिसेप्शनवर थोडा वेळ बसून राहा. त्या वेळी किती जण बॅग घेऊन निघताहेत आणि किती जण चहा मागवताहेत, ते तिथून चांगलं दिसतं.